जुन्या सायकलींची निरवानिरव

संग्रह जमवणे ही हौस आहे. जमवलेला संग्रह वेळेवर योग्य हाती सोपवणे ही जबाबदारी आहे. हौसेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. जबाबदारीचा विषय निघाला की मात्र घरातली माणसे गप्प होतात, आणि संग्राहक स्वतः तर "बघू पुढे" एवढे म्हणून उठून जातो. नाणी, पोस्टाची तिकिटे, जुनी पुस्तके यांच्या बाबतीत हे "बघू पुढे" काही वर्षे खपून जाते, कारण ती कपाटात मावतात. सायकलींचे तसे नाही. सायकलीला जागा लागते, तेल लागते, हवा लागते आणि तिला उचलायला धडधाकट माणूस लागतो. म्हणून उतारवयात संग्रह कसा आटोपता घ्यावा हा प्रश्न सायकलींच्या संग्राहकापुढे इतरांपेक्षा लवकर आणि अधिक तीव्रतेने उभा राहतो. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पुण्यात हा विषय मांडण्याला विशेष कारण आहे. हे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या कारखान्यांत जाणारा कामगार, कचेरीत जाणारा कारकून, कॉलेजात जाणारी मुलगी, दूध घालणारा गवळी, पेपर टाकणारा मुलगा, सगळ्यांचे वाहन एकच होते. सायकलीला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे. आणि दिव्यावाचून किंवा डबलसीट जाताना पोलिसाने कधीच अडवले नाही असा त्या पिढीतला पुणेकर विरळा. ज्याची स्वतःची सायकल नसे तो तासाच्या भाड्याने घेई. पोरे नळीखालून पाय घालून शिकत आणि गुडघे फोडून घेत. पुढे स्कूटर आली, मग मोटारसायकल, मग मोटार. आणि सायकल जिन्याखाली गेली. जिन्याखालच्या त्या सायकली काही मोजक्या माणसांनी उचलून आणल्या, पुसल्या, पुन्हा चालत्या केल्या. आज ज्यांना आपण जुन्या सायकलींचे संग्राहक म्हणतो ते हेच लोक. आणि त्यांतले बरेचजण आता सत्तरीच्या घरात आहेत.

असा संग्रह सहसा ठरवून होत नाही. पहिली सायकल वडिलांची असते. दुसरी शेजाऱ्यांनी "अडगळ झाली आहे, घेऊन जा" म्हणून दिलेली. तिसरी जुन्या बाजारात दिसते, आणि तिच्या पुढच्या चिमट्यावरून ती विलायती आहे हे ओळखल्यावर तिला तेथेच सोडून घरी येणे शक्य होत नाही. चौथी तिसरीला सुटे भाग मिळावेत म्हणून येते, आणि आल्यावर तिचे भाग काढवत नाहीत. मग लोकांना माहीत होते की अमुक गृहस्थ जुन्या सायकली घेतात, आणि सायकली आपण होऊन चालत येऊ लागतात. पंचवीस-तीस वर्षांत तीस सायकली सहज होतात, आणि घरातल्या कोणालाही त्या नेमक्या किती आहेत हे सांगता येत नाही.

आता थोडे गणित करू. मोठ्या माणसाची अठ्ठावीस इंची चाकांची सायकल सुमारे सहा फूट लांब आणि हँडलापाशी दोन फूट रुंद असते, म्हणजे एकीला बारा चौरस फूट जागा हवी. तीस सायकलींना तीनशे साठ चौरस फूट झाले. एवढ्या जागेत पुण्यात एक कुटुंब राहते. हँडले वळवून आणि एकीत एक अडकवून उभ्या केल्या तर निम्म्या जागेत भागते, पण मग मधली एक बाहेर काढण्यासाठी दहा हलवाव्या लागतात. एकेकीचे वजन वीस किलोच्या आसपास. शिवाय प्रत्येकीची वर्षातून एकदा नीट निगा राखायची, म्हणजे चेन धुणे, कपांमधले छर्रे काढून नवे ग्रीस भरणे, चामड्याच्या सीटला तेल देणे, टायरांत हवा ठेवणे, यासाठी चार तास धरले तरी तिसांचे एकशेवीस तास होतात. चाळिशीत हे तास सुट्टीच्या दिवशी आनंदाने निघतात. सत्तरीत गुडघे, कंबर आणि डोळे त्या हिशेबात आपापला वाटा मागतात. निगा थांबली की पावसाळा आपले काम सुरू करतो: निकेलवर गंजाचे ठिपके उठतात, टायर एकाच जागी दबून चिरतात, चामड्याला बुरशी येते.

यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. वाडे गेले, बंगले जात आहेत, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. वाड्याच्या चौकात किंवा बंगल्याच्या पडवीत वीस सायकली कोणाला खटकत नव्हत्या. नव्या इमारतीत मोटारीपुरती जागा रेषा आखून मिळते. करारावर सह्या झाल्या की घर रिकामे करण्याची तारीख ठरते आणि दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढावी लागतात. मुले परदेशी किंवा दुसऱ्या शहरी असतात. ज्या निर्णयाला शांतपणे दोन वर्षे द्यायला हवी होती, तो मग पंधरा दिवसांत घ्यावा लागतो.

निर्णय मुळीच घेतला नाही तर काय होते हेही स्पष्ट बोलले पाहिजे. संग्राहक जातो. दिवसकार्य आटोपते. मुलगा परतीच्या विमानाच्या तारखेकडे पाहतो, सूनबाई घराच्या चाव्यांचा विचार करते, आणि कोणीतरी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला बोलावते. भंगारवाला प्रामाणिक असतो. तो काट्यावर वजन करतो. लोखंडाचा दर किलोला तीस रुपये धरला तर वीस किलोच्या सायकलीचे सहाशे रुपये होतात. त्या सायकलीवरची ब्रुक्सची चामड्याची सीट एकटीच नवी घ्यायची तर कित्येक हजार पडतात, हे त्याला माहीत नसते आणि मुलालाही नसते. येथे दोष कोणाला द्यावा? मुलाला बाप कधी सांगत बसला नाही; आणि बापाला वाटत होते की मुलाने कधी विचारले नाही.

वास्तविक त्या दिवशी सर्वांत मोठी हानी पैशाची झालेली नसते. सायकल ही बाहेरून पाहता फार कमी बोलणारी वस्तू आहे. १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्लीने दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली 'रोव्हर' सायकल काढली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला. त्यानंतर साध्या सायकलीची घडण मुळातून फारशी बदललीच नाही. त्यामुळे १९३० सालची आणि १९६० सालची काळी सायकल अनभिज्ञ माणसाला अगदी सारखी दिसते. त्यांतला भेद ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस गेला की दोन्ही सायकली नुसते लोखंड होतात. लोखंड गंजायला वर्षे लागतात. त्याची माहिती एका रात्रीत नाहीशी होते. म्हणून आमचे सांगणे असे आहे की संग्रह कमी करण्याचे काम विक्रीपासून सुरू करू नये. वहीपासून सुरू करावे.

या वहीत एका सायकलीला एक पान द्यावे. वर मेकचे नाव आणि फ्रेमवरचा नंबर. हा नंबर बहुधा सीटखालच्या जोडावर किंवा पायडलांच्या मधल्या नळ्याच्या तळाशी ठोकलेला असतो. रंगाचे थर चढल्यामुळे दिसत नसेल तर कागद ठेवून पेन्सिलीने घासला म्हणजे उमटतो. मग सायकल कोणाकडून, कोणत्या साली, किती रुपयांना आली ते. ती आधी कोण वापरत असे आणि कशासाठी, हे सर्वांत महत्त्वाचे. कारण हे एकच असे आहे की जे पुढे कोणत्याही तज्ज्ञाला सायकलीकडे पाहून सांगता येणार नाही. त्याखाली कोणते भाग मूळचे आणि कोणते आपण बदलले याची प्रामाणिक यादी. शेवटी चार छायाचित्रे: चेनच्या बाजूने पूर्ण सायकल, पुढच्या नळीवरचा बिल्ला, फ्रेमचा नंबर आणि मागचे हब.

ओळखीच्या खुणाही वहीच्या पहिल्या पानांवर लिहून ठेवाव्यात, म्हणजे वारसाला त्या वाचून सायकलीपाशी जाता येईल. रॅलेच्या पुढच्या दातेरी चाकात बगळ्यांची मुंडकी कापलेली असतात. रजच्या चाकात हाताचा पंजा असतो. हंबरच्या चाकात पाच मनुष्याकृती असतात, आणि तिचा पुढचा चिमटा दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक नळ्यांचा असतो. बी.एस.ए.चे चिन्ह एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, कारण ती मुळात बर्मिंगहॅमची शस्त्रे बनवणारी कंपनी. मात्र हंबरच्या सायकली १९३२ साली, रज १९४३ साली आणि बी.एस.ए.ची सायकल-शाखा १९५७ साली रॅलेच्या मालकीत गेली. तेव्हा नावावरून वय ठरवताना हे साल ध्यानात ठेवावे. युद्धोत्तर काळातल्या स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या हबवर बहुधा वर्षाचे आकडे कोरलेले सापडतात. तो मोठा आधार आहे, पण ते वय हबचे असते. चाक कधी बदलले गेले असेल तर फ्रेमचे वय वेगळे असू शकते, हेही लिहून ठेवावे.

लेखणीचे सामर्थ्य किती असते ते पाहावयाचे असेल तर मुंबईच्या त्या पारशी तरुणांचे स्मरण करावे. १९२३ साली सहाजण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, म्हणून जवळपास शंभर वर्षांनी आपण त्यांची नावे घेऊ शकतो. आपल्या संग्रहातल्या गवळ्याच्या सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नसेल, पण तिने चाळीस वर्षे रोज पहाटे गावाला दूध पोचवले असेल. ते एका पानाला पात्र आहे.

वही झाली की निवड सोपी होते, कारण प्रत्येक सायकलीशी बसून एकदा तरी बोलणे झालेले असते. निवडीसाठी आम्ही चार गट सुचवतो: जवळ ठेवायच्या, संस्थेला द्यायच्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्यायच्या किंवा विकायच्या, आणि ज्यांचे केवळ भाग उपयोगी आहेत अशा. गट ठरवताना प्रत्येकीविषयी तीन प्रश्न विचारावेत. हिची गोष्ट हिच्याच जोडीला दुसरी सायकल सांगते का? ही मूळ स्वरूपात कितपत आहे? आणि हिला पाहून किंवा चालवून आनंद होईल असे दुसरे कोणी आपल्याला माहीत आहे का? पहिल्याचे उत्तर 'होय' आले तर दोहोंतली एक देऊन टाकण्यास हरकत नाही. तिसऱ्याचे उत्तर 'होय' आले तर फार विचारच करू नये.

मूळ स्वरूपाबद्दल एक इशारा देणे जरूर आहे. देण्यापूर्वी सायकल "चांगली दिसावी" म्हणून तिला नवा रंग देण्याचा मोह होतो. तो आवरावा. झिजलेला का होईना, कारखान्यातला काळा रंग आणि त्यावरच्या बारीक सोनेरी रेषा एकदाच असतात. खरवडून काढल्या की परत येत नाहीत. जाणकाराच्या दृष्टीने जुना मूळ रंग नव्या चकाकीपेक्षा मोलाचा असतो. ओव्हरऑइलिंग अवश्य करावे, चाके फिरती करावीत, ब्रेक लागते करावेत, धूळ पुसावी; पण येथेच थांबावे.

दुसरा मोह याहून सूक्ष्म आहे. आपण विलायती सायकली ठेवतो आणि देशी देऊन टाकतो. हे तपासून पाहण्यासारखे आहे. मुंबईत वरळीला हिंद सायकल तयार होत असे, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासची टी.आय. सायकल्स १९४९ साली, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ साली, लुधियानाची हीरो १९५६ साली स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर आपला देश खरोखर ज्या चाकांवर फिरला ती ही चाके. परंतु ती स्वस्त आणि घरोघरी होती, म्हणून कोणी जपली नाहीत. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. सामान्य वस्तूंचे असेच होते: त्या सर्वत्र असतात तोवर कोणाच्या नजरेत भरत नाहीत आणि नजरेत भरतात तेव्हा उरलेल्या नसतात. भाड्याच्या दुकानातली लहान मुलांची सायकल, दुधाच्या किटल्या अडकवण्याचे आकडे असलेली सायकल, नळी नसलेली बायकांची सायकल, यांतली एखादी संग्रहात असेल तर तिला इंग्रजी नावाच्या सायकलीखाली दडपून भंगारात जाऊ देऊ नये. पुण्याचा इतिहास सांगायला उद्या तीच लागणार आहे.

आता देण्याविषयी. या शहराला त्याचा धडा शोधायला दूर जावयास नको. बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वांनी पाहिलेले आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा, व्यवसाय चष्म्यांचा, कवी म्हणून नाव 'अज्ञातवासी'. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. या कामात पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. संग्रह वीस हजारांवर गेला. १९७५ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यानंतर १९९० सालापर्यंत ते हयात होते. म्हणजे आपण दिलेल्या वस्तू लोक रांगेने पाहताना त्यांनी पंधरा वर्षे पाहिल्या.

या उदाहरणातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, त्यांनी हयातीत दिले. देणारा जिवंत आणि बोलता असला म्हणजे वस्तूबरोबर तिची माहितीही जाते. दुसरी, संग्रह एकत्र राहील अशा रीतीने दिले. तिसरी गोष्ट आपल्याला थोडी कठीण वाटेल. त्या संग्रहातल्या सर्व वस्तू एका वेळी मांडता येत नाहीत. मांडलेल्या थोड्या, आणि बाकीच्या जपून ठेवलेल्या. म्हणून आपली सायकल कायम दर्शनी दालनात राहील अशी अट देणाऱ्याने घालू नये. नीट ठेवली जाईल, तिची नोंद राहील, आणि अभ्यासकाला पाहता येईल, एवढे मागणे पुरेसे आहे.

अर्थात प्रत्येक संग्रह केळकरांच्या संग्रहासारखा नसतो, आणि प्रत्येक संग्रहालयाला सायकल नको असते. आधी पत्र लिहावे, वहीतल्या पानाची प्रत जोडावी, आणि नकार आला तर रागावू नये. पुण्यातच कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सायकलींचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. जुन्या सायकली, त्यांचे दिवे, पंप आणि हत्यारे यांना वाहिलेली अशी जागा आपल्या गावात असावी ही समाधानाची गोष्ट आहे. पण अशा खाजगी प्रयत्नावर सगळ्या शहराने आपली अडगळ नेऊन टाकावी असा याचा अर्थ नव्हे. तेथे नसलेली एखादी वस्तू आपल्याकडे आहे का हे पाहून, विचारून, एक-दोन द्याव्यात. इंजिनिअरिंग कॉलेज, शाळा, एखाद्या जुन्या संस्थेचे दालन, यांनाही एखादी चालती सायकल वहीच्या पानासकट शोभून दिसेल.

कायद्याची बाजू सोपी आहे, म्हणून ती टाळू नये. जंगम वस्तूचे बक्षीस नोंदलेल्या दस्ताने करता येते किंवा वस्तू प्रत्यक्ष हवाली करूनही करता येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तशी तरतूद आहे. तरी देताना दोन ओळींचे पत्र करून दोघांनी सही करावी, म्हणजे पुढे वारसांत गैरसमज होत नाहीत. जे हयातीत द्यायचे नाही ते मृत्युपत्रात लिहावे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. "माझ्या सायकली" एवढे मोघम लिहू नये. फ्रेमच्या नंबरासह यादी जोडावी. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आड येऊ शकतो, तेव्हा पुरातत्त्व खात्याला आधी विचारावे.

विकण्यात कमीपणा काहीच नाही. पैसे देऊन नेणारा माणूस पुष्कळदा फुकट नेणाऱ्यापेक्षा वस्तू अधिक जपतो. फक्त तीन पथ्ये पाळावीत. परदेशातल्या किमतीचे आकडे ऐकून येथे तशी अपेक्षा धरू नये. तिकडची किंमत तिकडच्या गिऱ्हाइकाची आणि तिकडच्या खर्चाची असते. सर्वांत चांगल्या तीन सायकली आधी विकू नयेत. त्या गेल्या की उरलेल्यांकडे कोणी फिरकत नाही. एक चांगली आणि एक साधी अशी जोडी द्यावी. आणि पूर्ण सायकल सोडवून दिवा एकाला, सीट दुसऱ्याला, हब तिसऱ्याला असे करू नये. भागांची बेरीज कदाचित जास्त येईल, पण शंभरातली जी एक सायकल पूर्ण उरली होती ती आपल्या हाताने मोडली असे होईल. जी मुळातच अपुरी आहे तिचे भाग मात्र दुसऱ्या चार सायकलींना जीवदान देऊ शकतात. ते अवश्य द्यावेत.

सुट्या भागांचे डबे हा स्वतंत्र संसारच असतो. कॉटर पिना, छर्रे, कोन, ब्रेकचे रबर, दिव्यांच्या काचा, कधी काळी लागेल म्हणून ठेवलेले नट. मालकाला अंधारातही कोणता डबा कुठे आहे ते कळते. दुसऱ्याला मात्र तो खिळ्यांचा ढीग दिसतो. डब्यांवर मापांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. जुन्या कार्बाइडच्या दिव्यांबरोबर कार्बाइडचा डबा पडून असेल तर तो आधी शोधावा. पाणी लागताच त्यातून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा तो ओलीत राहू देऊ नये आणि कचऱ्यातही टाकू नये. हत्यारे आणि भाग रोज हात काळे करणाऱ्या सायकल दुरुस्तीवाल्याला द्यावेत. सळईचे ब्रेक जुळवणे, कॉटर पिन न मोडता ठोकून काढणे, आऱ्यांनी चाक सरळ करणे, ही कामे येणारी माणसे कमी होत चालली आहेत. एखादा तरुण रविवारी दोन तास येऊन बसायला तयार असेल तर त्याला शिकवावे. संग्रहातले सर्वांत मौल्यवान जे आहे ते अशा रीतीने, एक पैसा खर्च न होता, दुसऱ्या हातांत जाते.

इतके सगळे ऐकूनही कोणी म्हणेल, "हे डोक्याला पटते, पण मनाला पटत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तू आपल्याच हाताने बाहेर कशा काढाव्यात?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला हसू नये. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना आहे. गृहस्थाने हातपाय चालत असताना किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती द्याव्यात आणि ती त्या कशा वापरते ते थोड्या अंतरावरून पाहावे, हे तिचे व्यवहारी मर्म आहे. जो शेवटच्या दिवसापर्यंत किल्ल्या कमरेला ठेवतो त्याच्याकडून त्या कोणी घेत नाही. त्या गळून पडतात. सायकलींचेही असेच आहे. आपण दिलेली सायकल एखाद्या मुलीला कॉलेजात नेते आहे हे पाहणे, आणि तीच सायकल अंधाऱ्या खोलीत चिखलमातीने माखलेली पाहणे, यांतले सुख कोणते हे संग्राहकाला सांगावे लागू नये.

शिवाय सगळ्याच देऊन टाका असे कोणी म्हणत नाही. तिसांच्या पाच ठेवाव्यात, पाचांच्या दोन. आणि एक तर ठेवावीच. ती कोणती ठेवावी? सर्वांत किमती नव्हे आणि सर्वांत दुर्मिळही नव्हे, जिच्यावर आपल्याला अजून सुखाने बसता येईल ती ठेवावी. साठी-सत्तरीनंतर नळीवरून पाय टाकणे अवघड जाते. तेव्हा नळी नसलेली, एरवी आपण कधी फारशी मोजली नव्हती अशी बायकांची सायकल हीच शेवटी जवळची ठरण्याचा पुष्कळ संभव आहे. तिच्यावरून सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणता आले तर संग्रहाचे सार्थक झाले असे समजावे.

राहिला प्रश्न सुरुवातीचा. तीस सायकलींच्या तीस पानांना आठवड्याला एक पान या हिशेबाने तीस आठवडे, म्हणजे सात महिने लागतात. आज वैशाखात वही घातली तर दिवाळी उलटून थोड्या दिवसांत ती पुरी होईल, आणि पुढच्या वसंतापर्यंत द्यायच्या सायकली दिल्या गेलेल्या असतील. ज्यांच्या घरी सायकली नाहीत पण कपाटे भरलेली आहेत, त्यांनी आपापल्या वस्तूंचे नाव या वहीवर घालावे. हिशेब तोच राहतो.